लग्नघराची वही: नाशकात लग्न काढायचं असेल तर

आमच्या घरात लग्न जमलं की सुपारी फुटायच्या आधी दोनशे पानांची एक वही येते आणि ती माझ्या हातात पडते. दोन पुतण्या, एक भाचा आणि आता धाकट्या दिरांची मुलगी, अशी चार कार्यं या वह्यांमधून पार पडली. परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे पहिलंच कार्य आहे, कुठून सुरू करू?" त्यांना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली पायरी: बैठक आणि याद्या

साखरपुड्याच्या आधी दोन्हीकडची मंडळी बसतात आणि कोणी काय करायचं ते ठरतं. यालाच आपण याद्या म्हणतो. आता गंमत बघा. बाहेर बैठकीत पुरुष बसतात, पोह्यांच्या बशा फिरतात, "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या" असं नवऱ्याचे वडील म्हणतात आणि सगळे खूश होऊन उठतात. त्याच वेळी आत स्वयंपाकघरात वरमाय आणि तिची जाऊ साड्या मोजत असतात: आजीची, तीन आत्यांची, दोन मावश्यांची, करवल्यांची. म्हणजे याद्या दोन होतात, एक बाहेरची आणि एक आतली. मी पाहिलेली बहुतेक भांडणं या दोन याद्यांच्या मधल्या फटीतून निघाली आहेत.

म्हणून बैठकीत बायकांना बसवा आणि "लग्न चांगलं करून द्या" या वाक्यावर कुणाला उठू देऊ नका. चांगलं म्हणजे काय ते लिहून घ्या: लग्न कोणाच्या दारी, हॉलचा खर्च कोणाचा की निम्मा-निम्मा, हळद एकत्र की आपापल्या घरी, नवरदेवाकडची माणसं किती येणार, त्यांच्या जानोशाला खोल्या किती, वाजंत्री कोणाची, फेटे किती आणि कोणी आणायचे. मामाचा मान, कानपिळ्याचा मान, विहिणीची साडी हेही त्याच पानावर लिहा. खाली दोन्हीकडच्या एकेका माणसाची सही घ्या. सही मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. मी म्हटलं, "माझं वय झालं, विसरायला होतं, म्हणून करा हो इथे." कुणाला राग आला नाही.

हुंड्याचं एका वाक्यात सांगते: १९६१च्या कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात, त्यामुळे "ते मागतात, आम्ही काय करणार" याला अर्थ नाही. पण याच कायद्याखाली १९८५चे नियम आहेत, ते फार थोड्यांना माहीत असतात. नवरीला आणि नवऱ्याला लग्नात ज्या भेटी मिळतात त्यांची लेखी यादी ठेवायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कोणी दिली आणि त्याचं नातं काय, हे लिहून खाली नवरा-नवरीच्या सह्या. सरकारलासुद्धा यादीच हवी आहे! वहीची शेवटची दहा पानं मी त्यासाठीच राखून ठेवते.

दोघांच्या जन्मतारखांचे पुरावेही याच दिवशी बघून घ्या. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण असल्याशिवाय लग्न लावलं तर घरच्यांबरोबर गुरुजीही अडकतात. हल्ली बरेच गुरुजी आणि लॉनवाले आधीच कागद मागतात, आणि ते बरोबरच करतात.

तारीख

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. मध्ये पौष, अधिक मास, गुरू-शुक्राचा अस्त हे वजा करा. उरतात त्या तारखांवर सगळं नाशिक तुटून पडतं. मोठ्या मुहूर्ताला एकाच रस्त्यावरच्या ओळीने सगळ्या लॉनवर लग्न असतं आणि पाहुणे चुकून दुसऱ्याच मांडवात जेवून येतात. आमच्याकडे असे चौघे जेवून गेले, पाकीट देऊन गेले. कोणाचे ते अजून कळलेलं नाही.

तारीख ठरवताना मी गुरुजींच्याही आधी दोन गोष्टी बघते. एक, द्राक्षं. निफाड-दिंडोरीकडे सोयरे असतील तर जानेवारी ते मार्चअखेर त्यांचा बाग काढणीला आलेला असतो. ना हातात वेळ, ना हातात पैसा. माल गेला की दोन्ही मोकळं होतं, म्हणून तिकडची लग्नं एप्रिल-मेमध्ये दाटतात. दुसरी गोष्ट हवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली जातो हे दरवर्षी पेपरात येतं. त्या थंडीत उघड्या लॉनवर गोरज मुहूर्त धरलात तर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात आणि वाढलेलं जेवण ताटात गार होतं. थंडीत दुपारचं लग्न, उन्हाळ्यात संध्याकाळचं. उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आणि गाराही येतात, तेव्हा छत असलेला हॉल जवळ आहे का ते विचारा.

सिंहस्थाचा प्रश्न आता घरोघरी निघतोय. ३१ ऑक्टोबर २०२६ला कुंभाचं ध्वजारोहण आहे आणि गुरू सिंहेत जातोय. जुन्या मुहूर्तग्रंथांत सिंहस्थात लग्न वर्ज्य सांगितलंय, पण ते गोदावरीच्या उत्तर तीरापासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशाला. आता आपलं गाव नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं! पंचवटीतल्या घराला दोष आणि जुन्या नाशकातल्या घराला नाही, असा वाद आमच्याच बैठकीत तासभर चालला. शिवाय मधले काही महिने गुरू वक्री होऊन कर्केत परततो, आणि त्याला अपवादही आहेत. ज्यांना मानायचंय त्यांनी आपल्या गुरुजींना विचारून एकदाच ठरवावं आणि मग दहा जणांना विचारू नये. अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७मध्ये, म्हणजे चातुर्मासातच आहेत. पण काढीव मुहूर्तावर (म्हणजे नेहमीच्या तारखांबाहेर गुरुजींकडून काढून घेतलेल्या) त्या दिवसांत कार्य करणार असाल तर पाहुण्यांना खोली मिळणार नाही आणि रस्ताही मिळणार नाही, एवढं धरून चाला.

काढीव मुहूर्त वाईट नसतो. लॉन मिळतं, आचारी मिळतो, भाव उतरतो.

लॉन किंवा हॉल

गंगापूर रोड, दिंडोरी रोड, संभाजीनगर रोड, कुठेही गेलात तरी मॅनेजर आधी फुलांची कमान दाखवतो. तुम्ही आधी मुदपाकखाना आणि संडास बघा. मग पुढचे प्रश्न विचारा, आणि उत्तरं पावतीवरच लिहून मागा: ताबा किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायचा, वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, जनरेटरचं डिझेल कोणाचं, आचारी बाहेरचा चालतो की त्यांचाच घ्यावा लागतो, डेकोरेशनवाला बाहेरचा आणला तर जादा पैसे लावणार का, खोल्या किती आणि गाद्या किती, साफसफाई कोणाची, जीएसटी धरून आकडा सांगितला की सोडून, डिपॉझिट किती दिवसांत परत. भाच्याच्या वेळी मी ताब्याची वेळ विचारली नव्हती. सकाळी सहाला सामानाचा टेम्पो घेऊन गेलो तर आदल्या रात्रीच्या रिसेप्शनची ताटं तिथे तशीच पडलेली. दोन तास आम्ही टेम्पोत रुखवताचे लाडू सांभाळत बसलो.

लॉन महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हेही विचारून ठेवा. नोंदणीच्या वेळी उपयोगी पडतं.

बस्ता

बस्ता म्हणजे एका दिवसात एका दुकानात सगळी खरेदी. मेन रोडला गेलात तर संध्याकाळ होते. नियम एकच: दुकानात शिरायच्या आधी मानाच्या साड्यांचे तीन गट पाडून प्रत्येक गटाचा भाव ठरवा, आणि एका गटात सगळ्यांना एकाच भावाची साडी घ्या. रंग वेगळा असू द्या, किंमत नको. चिठ्ठ्या उलगडून बघणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात.

नवरीचा शालू-पैठणी या बस्त्यात धरू नका. पैठणीसाठी येवल्याला जा. ऐंशीएक किलोमीटर आहे, सकाळी निघालं की जेवायला परत येता येतं, आणि विणकराच्या घरी माग बघायला मिळतो. हातमागाची ओळख सोपी आहे. पदर उलटा करून बघा. खऱ्या विणकामात मोर उलट्या बाजूनेही तसाच दिसतो, धाग्यांची लोंबकळ नसते. यंत्रमागावरच्या 'सेमी'त मागे तुटके धागे किंवा आडवे लांब धागे दिसतात, कधी वर जाळीही लावलेली असते. सेमी घेऊ नका असं मी म्हणत नाही. आजीला, काकूला सेमीच घेतो आम्ही. फक्त सेमी हातमागाच्या भावाने घेऊ नका. भरलेल्या पदराची हातमागावरची पैठणी विणायला महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतो. मनातला रंग हवा असेल तर साखरपुडा झाल्याच्या आठवड्यातच सांगून या. ब्लाऊज शिवायला पंधरा दिवस वेगळे धरा. लग्नसराईत शिंपी बोलायलासुद्धा रिकामा नसतो.

सोनं सराफ बाजारात घ्या नाहीतर कॉलेज रोडला, पण हॉलमार्क आणि पक्कं बिल घ्याच. मंगळसूत्राच्या वाट्या आणि जोडवी कोणाकडून, हे याद्यांच्या पानावर लिहिलेलं असेलच.

पत्रिका

पत्रिकेत नवरा-नवरीपेक्षा जास्त जागा निमंत्रक, व्यवस्थापक आणि "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या चिमुकल्यांना लागते. नावांचा क्रम वयाने लावा, हुद्द्याने नाही. वयाबद्दल कोणाला भांडता येत नाही. स्वर्गवासी माणसांची नावं एकदा म्हाताऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

महत्त्वाचं वेगळंच आहे. नवरा-नवरीची नावं आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर आहेत तशीच छापा. आमच्या मोठ्या पुतणीचं घरातलं नाव पत्रिकेवर ठळक आलं, शाळेचं नाव आलंच नाही, आणि नोंदणीच्या टेबलावर बाई म्हणाल्या, "ही मुलगी कोण?" एका प्रतिज्ञापत्रावर निभावलं, पण दोन फेऱ्या झाल्या. घरातलं नाव हवंच असेल तर कंसात घाला.

पहिली पत्रिका गणपतीला आणि कुलदैवताला. आमची देवी गडावरची, त्यामुळे वणीला जाणं आलंच. सप्तशृंगीला आता फ्युनिक्युलर ट्रॉली असल्याने सासूबाईंनाही नेता आलं. चांदवडच्या रेणुकेचे भक्त तिकडे जातात. मग बाकीच्यांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे खूण: एकटा, जोडपं, की चूलबंद, म्हणजे सगळं घर. जेवणाचा आकडा या खुणांवरून निघतो, पत्रिकांच्या संख्येवरून नाही.

हळद

मुहूर्तमेढ, देवक, घाणा, ग्रहमख हे ज्याच्या त्याच्या कुळाचाराप्रमाणे. घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला बसवून क्रम लिहून घ्या. त्या गेल्या की विचारायला कोणी उरत नाही.

हळदीच्या रात्रीचा खरा प्रश्न आवाजाचा. नाशिक ढोल साऱ्या महाराष्ट्रातल्या मिरवणुकांत वाजतो, आपल्या हळदीत मात्र डीजेच लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. डीजेवाला "बघू हो, सगळे वाजवतात" म्हणतो, पण पोलिस आले की बोलणी नवरीचा बाप खातो. माइकची आणि वरातीची परवानगी ठाण्यातून आधी काढा आणि हळद चारला सुरू करा. पाचच्या उन्हात हळदीचे फोटोही चांगले येतात.

लग्नाचा दिवस

आमच्याच घरच्या एका लग्नाचं सांगते. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. नवरदेव मारुतीच्या पाराहून सव्वाअकराला निघाला, मंडप तीनशे पावलांवर, पोचायला १२ वाजून २०. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग माइक एका उत्साही माणसाच्या हातात गेला. "आपल्या लाडक्या नेत्यांचं आगमन झालेलं आहे, त्यांचा सत्कार नवरीचे मामा करतील." शाल, नारळ, फेटा. पुढचं नाव. त्याच्या पुढचं नाव. शुभाशीर्वादाचं भाषण. स्टेजवर अंतरपाट धरून दोघं उभे, त्यातल्या एकाचा हात थरथरायला लागलेला. गुरुजी पंचांगाकडे नाही, मनगटाकडे बघत होते. पाटावर उभी असलेली आमची पोर घामाने भिजून मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघत होती. अक्षता पडल्या तेव्हा १ वाजून २० मिनिटं झाली होती. सहा महिने ज्या मुहूर्तासाठी पंचांग चाळलं, तो शालींच्या घड्या उलगडण्यात गेला.

त्या दिवसापासून माझा नियम: माइक घरच्या माणसाकडे, आणि सगळे सत्कार अक्षता पडल्यावर. निवेदकाला एका कागदावर लिहून द्यायचं की मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधीपासून मंगलाष्टकांखेरीज माइकवर काही नाही. कोणी रुसलं तर रुसू द्या. बैठकीतच दोन्हीकडून हे कबूल करून घेतलं तर कोणी रुसतही नाही.

मुहूर्तापासून मागे मोजत या. अर्धा तास आधी नवरी गौरीहरापाशी तयार, एक तास आधी नवरदेव मंडपाच्या दारात, त्याआधी सीमांतपूजन, त्याआधी नाश्ता. वरातीला जेवढा वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट धरा. अक्षतांसाठी आम्ही तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या केल्या. मुहूर्ताच्या दिवशी फुलांचे भाव दुपटीने चढतात, म्हणून चार दिवस आधी बाजारात सांगून ठेवलं.

एक पिशवी करा आणि ती एकाच माणसाच्या खांद्याला द्या: अंतरपाट, मुंडावळ्या, हार, मंगळसूत्र, जोडवी, लाह्या, तूप, सुपाऱ्या, कानपिळ्याचा टॉवेल-टोपी, झालीचं (मुलगी सासरच्यांना सोपवण्याच्या विधीचं) सामान, काडेपेटी. काडेपेटी विसरतेच. होमाला नेहमी कोणा पानटपरीवाल्याचा लायटर येतो.

सप्तपदी घाईत उरकू देऊ नका. तोवर लोक जेवायला उठलेले असतात, फोटोग्राफर बॅटरी बदलत असतो आणि गुरुजींना पुढचं लग्न असतं. पण १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जिथे सप्तपदी रीतीत आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. २०२४ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. सात पावलांचे फोटो काढून घ्या.

ज्यांना पुरोहित नको त्यांनाही वाट आहे. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ला लागलं, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. तेव्हा ही काही नवी टूम नाही. आणि धर्म वेगळे असतील किंवा विधीच नको असतील तर १९५४चा विशेष विवाह कायदा: निबंधकाकडे नोटीस, तीस दिवस थांबणं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस तीन महिनेच चालते, म्हणून आधी नोटीस द्या आणि हॉल नंतर धरा.

जेवण

थोडक्यात सांगते. पदार्थ कमी ठेवा: पुरी, वांग्याची नाहीतर काजूची भाजी, मसालेभात, वरण-भात, एक गोड, मठ्ठा. स्टॉल वाढले की ताटातलं उष्टं वाढतं. केटररचा हिशोब ताटांवर असेल तर ताटांच्या चळतीपाशी आपला एक भाचा उभा करा आणि सुरुवातीची व शेवटची मोजणी त्याच्यासमोर होऊ द्या. मोठ्या मुहूर्ताला लोकांना तीन-तीन लग्नं असतात, त्यामुळे अर्धे अक्षता टाकून निघतात. आकडा धरताना जवळच्यांना पूर्ण धरा आणि दूरच्यांना निम्मं. विहिणीची पंगत मात्र खाली पाट-रांगोळीवर, वाढणारं घरचंच माणूस. तिथे कसर नको.

नोंदणी

पाहुणे गेले, सत्यनारायण झाला, जागरण-गोंधळ झाला, की वही मिटायच्या आधी हे शेवटचं काम. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची. नंतरही होते, पण दंड पडतो. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिक रोड. गावाकडे ग्रामपंचायतीत. तुमचं प्रकरण कोणत्या कार्यालयात बसतं ते पत्ते घेऊन आधी एकदा विचारून या.

नमुना 'ड'चा अर्ज, त्यावर शंभर रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, पत्रिका, लग्न लागतानाचा एक फोटो, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, आणि तीन साक्षीदार आपापल्या ओळखपत्रांसह. गुरुजींची सही मांडवातच घ्या, कोरा नमुना आधी भरून पिशवीत ठेवा. नंतर ते त्र्यंबकला असतात, नाहीतर फोन उचलत नाहीत. साक्षीदार नाशकातलेच निवडा. मुंबईच्या आत्याला मान म्हणून साक्षीदार केलं आणि ती गुडघ्याच्या ऑपरेशनला ॲडमिट झाली, मग नव्याने अर्ज.

दाखला हातात आला की काउंटर सोडायच्या आधी तिथेच उभं राहून नावांची अक्षरं वाचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. दोन-तीन जादा प्रती मागा. लॅमिनेशन करू नका; काही ठिकाणी मूळ कागदावर शिक्का मारावा लागतो. एक प्रत मुलीकडे द्या. कपाटाच्या किल्ल्या सासूकडे असतील तर माहेरीही एक ठेवा.